चिलटाच्या बाळाचं तोंड

परसात पेरूचं झाड होतं. आता नाही. पण काय गोडी होती म्हणून सांगू! त्याचा शेवटचा पेरू कोनाड्यात पिकून मऊ झाला. चिलटीणबाईनं त्यावर अंडं घातलं.

आपल्याकडं बाळाच्या ओठाला पहिली गोडी आई लावते. चिलटीणबाईला थांबायला कुठलं मिळतंय? तिनं अंड्याच्या आत, एका टोकाला, गोड थेंब आधीच लावून ठेवला. आणि गेली. भुर्र!

आत बाळ एकटं. भूक लागली. बघतं तर काय, तोंडच नाही!

मग बोललं कसं? अहो, भुकेलं पोट बोलतंच. गुर्र गुर्र!

अंड्यात खोल्याच खोल्या. कुठं पेटी, कुठं निरोप्या, कुठं दार, कुठं शेजारीण. बाळ निघालं. डुबुक डुबुक.

"पेटीबाई, पेटीबाई, तोंड दे. भूक राहवेना!"

"आहे की. घडी करून ठेवलंय. पण निरोप आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, अशी आमची रीत."

डुबुक डुबुक.

"निरोप्यादादा, पळ ना. पेटी उघडेना, तोंड मिळेना, भूक राहवेना!"

"पळतो रे. पण दार बंद. आत शिरू कसा?"

डुबुक डुबुक.

"दारकाका, उघडा ना. निरोप पळेना, पेटी उघडेना, तोंड मिळेना, भूक राहवेना!"

"शेजारची हाक आल्याशिवाय नाही. चोर असला म्हणजे?"

डुबुक डुबुक.

"शेजारीणकाकू, हाक मारा ना. दार उघडेना, निरोप पळेना, पेटी उघडेना, तोंड मिळेना, भूक राहवेना!"

"मारते हो. पण तुझं डोकं कुठल्या टोकाला? शेपटीला तोंड फुटलं, तर बसशील बुडानं जेवत!"

बाळ रडकुंडीला आलं. डोकं कुठं, ते आईला ठाऊक. आई तर भुर्र!

"हाक येईना, दार उघडेना, निरोप पळेना, पेटी उघडेना, तोंड मिळेना, भूक राहवेना!"

रडत रडत या टोकाला गेलं. नुसतं पाणी.

त्या टोकाकडं वळलं. जरा चिकट. पुढं सरकलं. आणखी चिकट! अगदी टोकाला गेलं. चिकट चिकट चिकट!

"आईचा थेंब! गोडी ओठालाच लावतात. काकू, डोकं इथं!"

काकूनं हाक मारली. "अहो, ऐकलं का?" दार उघडलं, कर्रर्र. निरोप पळाला, सुसाट. पेटी उघडली, खाडकन. घडी मोडली. तोंड फुटलं!

"आ!"

अंडं उकललं. टिच्! समोर पेरूच पेरू. मच मच मच. पहिल्या घासाला आईच्या थेंबाचीच चव.

पोट गप्प बसलं.

पेरू संपला, गोष्ट संपली, गोडी तेवढी राहिली. तुझं तोंड कुठाय, सोन्या? आ कर बघू!