चार घोंगड्या आणि एक बैल

फार पूर्वी, नदीपलीकडच्या जत्रेला निघालेली माणसं नावेची वाट पाहत ज्या धर्मशाळेत थांबत, तिथे एकदा भर दुपारी एक घोंगडीवाला येऊन टेकला. सोबत एक बैल आणि त्याच्या पाठीवर चार घोंगड्या. त्यांची लोकर बायकोने हिवाळाभर कातली होती.

नाव काही येईना. ओसरीवर एक मीठवाला आणि एक घोडेवाला पत्ते खेळत होते. त्यांनी बोलावलं आणि हाही बसला. प्रत्येकाला तीन पानं. चाल वाढवत न्यायची. झेपत नसेल त्याने पानं टाकायची. समोरच्याची पानं बघायची, तर त्याच्या तोडीची चाल लावायची.

थोड्या वेळाने घोंगडीवाल्याच्या हाती दोन राजे आले. त्याने आनंदाने एक घोंगडी मध्ये ठेवली. घोडेवाल्याने पानं टाकली. मीठवाल्याने मात्र मिठाचं एक पोतं सरकवलं. मग दुसरी घोंगडी, दुसरं पोतं. असं करता करता चारही घोंगड्या मध्ये जाऊन पडल्या.

तेव्हा मीठवाल्याने उरलेली सगळी पोती पुढे लोटली आणि शांतपणे म्हणाला, "आता बैल लाव."

घोंगडीवाला गोंधळला. हा माणूस आपल्याला घाबरवतोय की खरंच याच्याकडे भारी पानं आहेत? त्याने मीठवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे काहीच दिसेना. स्वतःची पानं पुन्हा पाहिली. मघाशी भरभक्कम वाटलेले दोन राजे आता केविलवाणे वाटू लागले.

मागून घोडेवाला समजावू लागला, की एवढं घातलंस, आता माघार घेतलीस तर सगळंच गेलं. ते घोंगडीवाल्याला पटलं. त्याने बैलाच्या दाव्याला हात घातलासुद्धा. पण मग त्याला आठवलं, की मागच्याच डावात या मीठवाल्याने बेगमांची जोडी असूनही पानं उताणी टाकून दिली होती. जोडीवर न धजणारा माणूस आता सगळी पोती लावतो, ते कशाच्या जोरावर? की मुद्दामच लावतो? डोकं भणभणलं. खरं काय ते कळेना. बैल गेला तर लोकर कशावर आणायची, एवढं मात्र पक्कं कळत होतं.

त्याने पानं टाकली.

मीठवाल्याने आपली पानं पालथीच गड्डीत मिसळली. घोंगडीवाल्याने काकुळतीने विचारलं, "काय होतं तुमच्याकडे?"

"ते बघायला बैल लावायचा होता," मीठवाला म्हणाला.

घोंगडीवाला रिकाम्या पाठीच्या बैलासह घरी परतला. वाटेत कधी वाटे वाचलो, कधी वाटे फसलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले. मग तिने विचारलं, "डाव कुणाचा होता?"

"मला अजून माहीत नाही."

"मग बैल का नाही लावलात?"

त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "घोंगड्या मध्ये ठेवल्या तेव्हाच गेल्या होत्या. बैल अजून आपला होता."

"हे पहिल्या घोंगडीलाच सुचलं असतं तर," ती म्हणाली, आणि बैलाला पाणी दाखवायला गेली.

तात्पर्य एवढंच: जे घालवलं त्याच्या ओढीने उरलेलं पणाला लावू नये. समोरचं सगळं कधीच कळत नाही; जेवढं कळतं, तेवढ्यावर नीट ठरवावं.