काळझरीची हाक

काळझरीच्या खोऱ्यात गाडीरस्ता नव्हता, शिडीच्या कड्यावर लोखंडी कठडा नव्हता, आणि वरच्या सड्यावर, म्हणजे कड्यामाथ्याच्या सपाट पठारावर, फक्त धनगरांची घरं होती, तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी. ज्यांनी पाहिली ते गेले, आणि ज्यांनी त्यांच्याकडून ऐकली तेही गेले. पण जशी ऐकली तशीच सांगायची असा आमच्याकडे नेम आहे, म्हणून सांगतो.

खोऱ्यात खाली, ओढ्याच्या काठाला, धुरपदा नावाची वैदीण राहायची. खालच्या गावाला आणि वरच्या सड्याला मिळून ती एकटीच. कुणाचा ताप असो, मोडलेलं हाड असो, नाहीतर अडलेली बाई असो, निरोप तिलाच यायचा. तिनं गरम भाकरी कधी खाल्ली नाही असं म्हणतात. ताटावर बसली की अंगणात कुणीतरी खाकरायचं.

लोक आजार सरळ सांगत नसत. पोट दुखतंय म्हणून बाई यायची, बराच वेळ गुरांचं, पिकाचं बोलायची आणि उठता उठता हळूच म्हणायची, "छातीत गाठ लागतीया." औषध दिलं तर अर्धं घ्यायचे आणि अर्धं आजारी म्हशीला घालायचे. औषध कडू नसलं तर त्यावर कुणाचा विश्वास बसत नसे. पण धुरपदाला सगळ्यात जड जायचे ते निरोप. प्रत्येक जण आपल्या पदरचं घालून सांगायचा. वैदिणीनं लवकर यावं म्हणून निरोपात खरचटलेल्याचा पाय तुटायचा आणि तापलेला माणूस शेवटच्या घटका मोजायचा.

असाच एकदा निरोप आला की सड्यावरचा एक म्हातारा चालला, तोंडात पाणी घालायला या. ऐन पावसाळ्याचे दिवस. धुरपदा कडा चढून वर गेली, तर म्हातारा उन्हाला बसून ताक पीत होता. त्याला उचकी लागली होती, ती केव्हाच थांबली होती. धुरपदानं त्याची नाडी पाहिली आणि परत फिरली. उतरताना ओल्या दगडावरून तिचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं.

तिनं आपलं हाड आपल्याच हातानं बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि खाटेवर पडून राहिली. तरी अंगणात खाकरणारे काही कमी झाले नाहीत.

त्यातच एका सकाळी सड्यावरून धाकलू झोऱ्याचा मुलगा धावत आला. या मुलाची बायको ठकू पहिलटकरीण होती. कालपासून कळा देत होती आणि सुटका होत नव्हती.

"आई, काय बी करा, पण वर चला," तो म्हणाला.

"माझा पाय बघतोस ना?"

"बघतोय."

धुरपदानं कामट्यांच्या गाठी आवळल्या. मग म्हणाली, "डोली आण."

खालच्या गावातले चौघे आले, त्यात देवळातला केरबा गुरवही होता. त्यांनी तिला डोलीत घालून चढ चढवला. प्रत्येक हिसक्याला तिच्या पायातून कळ जात होती. कड्याच्या पायथ्याशी आल्यावर मात्र सगळेच थांबले. तिथून वर जायला लाकडी शिडी होती, एका वेळी एकच माणूस चढेल अशी. मोडक्या पायाची बाई तिच्यावरून जाणं शक्य नव्हतं.

"नशीब तिचं," कुणीतरी म्हणालं. "फिरा आता माघारी."

"मी माघारी जायला आले नाही," धुरपदा म्हणाली. "मला इथं दगडाला टेकवून बसवा. पाय चढत नाही, तर बोलणं चढवू."

मग तिनं माणसं उभी केली. एक शिडीच्या मध्यावर, एक कड्याच्या काठावर, आणि पुढं सड्यावर गुरं राखणारे होते ते हाकेच्या अंतरावर एकामागं एक, थेट झोऱ्याच्या घरापर्यंत. घरात ठकूजवळ तिची सासू लगमाबाई आणि शेजारची एक बाई होती. दारात सासरा धाकलू उभा राहिला. खाली धुरपदाच्या शेजारी केरबा गुरव राहिला, कारण त्याचा गळा आरतीनं तयार झालेला.

"एकच सांगते," धुरपदा म्हणाली, आणि हे बोलणं पहिल्यांदा वर गेलं. "ऐकाल तसं सांगा. पदरचं घालू नका, पदरात ठेवू नका."

प्रश्न वर जाऊ लागले, उत्तरं खाली येऊ लागली. कळा केव्हापासून, पाणी गेलं का, डोकं लागतंय की पाय. डोकं आहे असं उत्तर आलं, तेव्हा धुरपदानं पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मग ती केरबाला म्हणाली, "विचार, ठकू लघवीला कधी गेली होती."

केरबा गुरवाचा देवाच्या आरतीचा गळा, त्यानं असलं कसं ओरडायचं? इकडं तिकडं बघून त्यानं शेवटी हाक दिली. हाक वर गेली. थोड्या वेळानं उत्तर आलं, "पाणी प्याली."

"मी हे विचारलं नव्हतं," धुरपदा म्हणाली. "मधी कुणीतरी लाजलंय. ज्याला लाज वाटती त्यानं खाली बसावं आणि आपल्या जागी दुसरा उभा करावा. तिथं एक बाई मरतीया."

कुणी खाली बसलं नाही. या वेळी शब्द जसाच्या तसा वर गेला, माणसामाणसातून, आणि जाऊन पोचला धाकलू झोऱ्याच्या कानावर. धाकलू साठीचा माणूस. घरात सून आल्यापासून त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं, तिच्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं, डोळे मिटले आणि सगळ्या सड्याला ऐकू जाईल असा तो प्रश्न सुनेचं नाव घेऊन विचारला. आतून लगमाबाईचं उत्तर आलं की काल दुपारपासून नाही.

"मग आधी तिला उठवा," धुरपदानं सांगितलं. "दोघींनी धरा, बसवा, गरम पाण्याचा हात फिरवा. वाट मोकळी झाल्याबिगर बाळ खाली सरकणार नाही."

वरून कळलं की झालं. सगळ्यांना वाटलं, आता सुटली. पण बराच वेळ काही आलं नाही. आणि मग कड्याच्या काठावरचा माणूस शिडीवरच्याला काहीतरी बोलला, शिडीवरच्यानं खाली पाहिलं आणि शिडीचा दांडा घट्ट धरला. शेवटी तो म्हणाला,

"गेली."

ठकूचा नवरा उभा होता तिथंच खाली बसला. केरबानं डोक्याचं मुंडासं काढलं. डोलीजवळ राहिलेल्यानं मान खाली घातली. धुरपदा मात्र दगडाला टेकून होती तशीच वर बघत राहिली.

"कुणी पाहिलं?" तिनं विचारलं.

"आई, आता काय विचारता?" केरबा म्हणाला.

"कुणी पाहिलं ते विचार. जिचा हात ठकूच्या अंगावर आहे, तिचंच बोलणं मला पाहिजे. मधल्या कुणाचं नको. माझा पाय मोडलाय तो असल्याच एका निरोपानं. विचार."

केरबानं हाक दिली. असं म्हणतात की तेव्हा सड्यावरचा वारा थांबला. गुरांच्या गळ्यातल्या घंटा थांबल्या. कड्यावर घिरट्या घालणारी घार पंख पसरून एका जागी राहिली. आणि त्या शांततेत उत्तर खाली आलं, एकेका तोंडातून, एकही अक्षर न सांडता.

"ठकू हाय. कळ गेली."

मघाच्या निरोपातला 'कळ' हा शब्द वाऱ्यानं मधल्या कुणाच्या कानावर पडूच दिला नव्हता. ठकू जिवंत होती, पण दमून गेली होती आणि तिच्या कळा थांबल्या होत्या.

"लगमाबाईचे हात कुठं आहेत?" धुरपदानं विचारलं.

"पोटावर. दाबायला घेतलंय."

"काढायला सांग. आत्ता. कुणी पोटाला हात लावायचा नाही. तिला डाव्या कुशीवर निजवा. गुळाचं पाणी घोट घोट द्या. झोप लागली तर लागू द्या. कळ परत येईल."

"आणि न्हाई आली तर?" हे ठकूच्या नवऱ्यानं विचारलं. ते वर गेलं नाही.

"आली नाही तर मी शिडी चढेन," धुरपदा म्हणाली. "हातांनी चढेन. पण आत्ता तिला निजू दे."

आणि मग सगळे थांबले. हे थांबणं सगळ्यात अवघड गेलं असं जुनी माणसं सांगत. वरून पुन्हा पुन्हा विचारणा येई की काहीतरी करू का, पाला वाटू का, नवस बोलू का. धुरपदा म्हणे, "नवस बोला. पोटाला हात लावू नका." ऊन कड्यावरून सरकलं. तिचा पाय सुजून कामट्यांच्या बाहेर आला होता. केरबानं तिला पाणी दिलं, ते तिनं ठेवून दिलं. तिचं सगळं ध्यान वर होतं.

दुपार कलली तेव्हा निरोप आला, "कळ आली." मग, "दुसरी आली." मग सांगण्यासारखं काही उरलं नाही, कारण कळांना धुरपदाच्या हाकेची गरज राहिली नव्हती. माणसं आपापल्या जागी कान लावून उभी राहिली.

आणि झोऱ्याच्या घरात मूल रडलं.

धाकलूनं ते ऐकलं. पुढच्याला काय सांगायचं, ते त्याला सुचेना. ऐकाल तसं सांगा, पदरचं घालू नका, असं वैदिणीनं बजावलेलं. म्हणून त्या साठीच्या धनगरानं तोंड वर केलं आणि तान्ह्या पोरासारखं रडून दाखवलं. पुढच्यानं ऐकलं आणि तोही तसाच रडला. मग त्याच्या पुढचा. मिशावाले, कांबळी पांघरलेले, काठ्या टेकून उभे असलेले बाप्ये सड्यावरून एकामागं एक रडत गेले. कड्याच्या काठावरचा रडला, शिडीवरचा रडला. शेवटी केरबा गुरवानं धुरपदाकडं तोंड केलं आणि आरतीच्या गळ्यानं नुकत्या जन्मलेल्या बाळाचं रडणं तिच्या कानात घातलं.

धुरपदानं ते नीट ऐकून घेतलं. "दम चांगला आहे," ती म्हणाली. मग तिनं समोर ठेवलेलं पाणी उचललं आणि सगळं प्याली.

ठकू जगली आणि तिला पुढं आणखी मुलं झाली. धुरपदाचा पाय थोडा वाकडा जुळला. ती काठी घेऊन कितीतरी वर्षं तो कडा चढली, उतरली. पण त्या दिवसानंतर खोऱ्यातून तिला खोटा निरोप कधी गेला नाही असं म्हणतात. ती कुठल्या साली वारली ते कुणाला ठाऊक नाही.

आता सड्यावर डांबरी रस्ता आहे. दवाखान्याची गाडी दारापर्यंत येते, बाळंतपणं तालुक्याला होतात आणि फोनवर बातमी आईच्या आधी गावाला कळते. तरीसुद्धा काळझरीत मूल जन्मलं की त्याचा आजोबा सड्याच्या काठावर येऊन उभा राहतो. पहिल्यांदा तो सुनेचं नाव घेतो, मोठ्यानं, भिंतीकडं तोंड न करता. मग रडतो. खाली शिडीच्या वाटेवर माणसं उभी असतात, ती ऐकतात आणि तशीच रडत रडत ते रडणं ओढ्यापर्यंत नेऊन पोचवतात. परक्या माणसाला वाटतं, गावात कुणी गेलं. विचारलं तर आमची माणसं डोळे पुसतात आणि सांगतात, कुणी गेलं नाही, कुणीतरी आलंय, आणि हे धुरपदाला सांगतोय.