चुकवून सांगायची गोष्ट

तांबडघाटाच्या माथ्यावर, जुन्या चौकीमागे, गुरांचा दगडी कोंडवाडा आहे. भिंत पुरुषभर उंच, दाराच्या जागी खिंडार. भिंतीच्या बाहेरून एक पायवाट गोल फिरते. तिच्यावरून माणसं चालतात, तेव्हा तिथे गवत नसणारच. पण आतूनही भिंतीला धरून तशीच वाट आहे. तिच्यावर कुणी पाऊल टाकत नाही, तरी ती उघडीच. गावचे राणूबाबा गुरव पाहुण्यांना आधी ही आतली वाट दाखवतात, आणि मग गोजराची हकिगत सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, घाटाखालच्या मुलखात लढाई पेटली. गावं जळाली. तिथली माणसं पोराबाळांसह घाट चढून वर आली, तर चौकीवर त्यांना परवाना विचारला. पेटत्या घरातून परवाना शोधून कोण निघतं? वरून हुकूम येईपर्यंत त्यांना कोंडवाड्यात घातलं. हुकूम काही आला नाही. थंडी आली.

गोजरा ही चौकीवरच्या तुळाजी शिपायाची भावजय. काळजी करणं हाच तिचा उद्योग, असं सासू म्हणायची. कडेवरचं पोर शिंकलं तरी हिला घाम फुटायचा. एका संध्याकाळी सरपण घेऊन येताना भिंतीतल्या फटीतून तिला बाईमाणसाची हाक आली.

"बाई, माझ्या निंगीशी कायबी बोला. पोर चालंना झालीया. हितं बसलेलं माणूस पुन्हा उठत न्हाई."

गोजरा फटीकडे वाकली, तोच तुळाजी आला. "वहिनी, हितं थांबायचं न्हाई. थांबंल त्याला आत घालायचा हुकूम हाय."

"आन् चालंल त्याला?"

तुळाजीनं जरा विचार केला. "चालणाऱ्याचं काय सांगितलं न्हाई."

गोजरा चालू लागली. चालता चालता मोठ्यानं गोष्ट सांगू लागली. पलीकडे आधी काहीच नव्हतं, मग भिंतीला घासत जाणारी लहान पावलं ऐकू आली.

अडचण एकच होती. गोजराला कुठल्याच गोष्टीचा शेवट येत नव्हता. तिचं पोर निम्म्यात झोपी जायचं, तेव्हा पुढचं कधी लागलंच नव्हतं. तिची गोष्ट म्हणजे वाट चुकलेल्या करडाला घरी पोचवायला निघालेला कोल्हा. रोज नवा ओढा, नवी टेकडी. करडू घरी काही पोचेना. वर तिचा घोळ ठरलेला.

"मग लांडगा म्हणाला..."

"काल कोल्हा होता की," भिंतीतून आवाज यायचा.

"कोल्हाच गं बाई. माझं डोकं ठिकाणावर न्हाई."

"मग नीट सांगा की."

गोजरा रोज ठरवायची, उद्या जायचं नाही. आत तापाची साथ आहे म्हणतात, ती आपल्या पोराला लागली तर? आणि आपली ही धड न येणारी गोष्ट. तिच्यानं कुणाचं काय भलं होणार? तरी सरपणाच्या वेळेला पाय तिकडेच वळायचे. फटीजवळून जाताना ती भाकरी आत सारायची. ती कुणाकुणाला पुरणार? पुढे गावातल्या आणखी बायका तिच्यामागून चालू लागल्या.

मार्गशीर्षातल्या अवसेला आतली पावलं ऐकू आली नाहीत. गोजरानं आवाज चढवला. एक फेरी झाली. मग फटीपाशी येऊन तिनं जाणूनबुजून चूक केली. "मग लांडगा म्हणाला..."

आतून कुणी काही बोललं नाही.

तिला थांबायचं होतं. कडेवर पोर होतं. ती थांबली नाही.

असं सांगतात, की पुढे हुकूम आला आणि दार उघडलं. बाहेर आली ती मोजकीच माणसं. त्यांत लहान कुणी नव्हतं.

आजही मार्गशीर्षातल्या अवसेला, सरपणाच्या वेळेला, तांबडघाटच्या बाया पोरं कडेवर घेऊन कोंडवाड्याभोवती चालतात. कुणी थांबत नाही. चालता चालता कोल्ह्याची गोष्ट सांगतात. करडू अजून घरी पोचलेलं नाही. फटीपाशी आलं, की सांगणारी कोल्ह्याचा लांडगा करते. पोरांना चूक कळते, ओठांवर येते. पण आया त्यांचा हात दाबतात. चूक दाखवायचा मान आतल्यांचा. सगळे भिंतीकडे कान देतात, आणि चालत राहतात.