आठवं कोठार

३ डिसेंबर, बुधवार. सकाळी धुकं, नंतर कोरडं ऊन. वारा नाही.

"...दगड तेच, मजूर तेच. मग आठवं कोठार पहिल्याच्या चौपट महाग का, अप्पा?"

विचारणारे इंद्रजित मुळीक. पुण्याहून आमच्या मठात आले होते. त्यांनी संगणकावरचा एक खेळ केला आहे. जुन्या काळातलं राज्य उभं करायचं, विहिरी खणायच्या, कोठारं बांधायची. प्रत्येक नवं कोठार आधीच्यापेक्षा महाग.

"नियम कुणी केला?" अप्पा महाराजांनी विचारलं.

"मीच. अशा सगळ्या खेळांत असतो, म्हणून ठेवला. आता खेळणारे म्हणतात, ही लूट आहे. भागीदारीण म्हणते, संध्याकाळपर्यंत कारण सांग, नाहीतर नियम काढते."

"काढू दे."

"मग जो तो कोठारंच बांधत सुटेल. खेळात राम उरणार नाही."

"उत्तर पटलं, तर मठाला एक खोली बांधून देतो," इंद्रजित म्हणाले.

"बरं. पण आमची एक रीत आहे. नवी खोली बांधणाऱ्यानं आधी जुन्या सगळ्या खोल्या स्वतःच्या हातानं सारवायच्या. ज्यानं ती बांधली, त्याचं नाव घेऊन."

"किती आहेत?"

"पाच."

इंद्रजित हसले. बूट काढले, पँट दुमडली. मी शेण कालवून दिलं.

"पहिली खोली गोदूबाई कुंभारांची," अप्पा म्हणाले.

"गोदूबाई कुंभार," इंद्रजित म्हणाले आणि दारापासून सारवायला बसले. हात चांगला फिरत होता. सारवत सारवत मागच्या भिंतीला टेकले, तेव्हा लक्षात आलं. दारापर्यंतची सगळी भुई ओली.

"आता बाहेर कसा येऊ?"

"वाळेपर्यंत बस. आमच्याकडे कोपऱ्यातून दाराकडे सारवतात."

"आधी सांगायचंत ना."

"तू विचारलं नाहीस. तुला आठव्या कोठाराचं विचारायचं होतं."

इंद्रजित कोपऱ्यात उकिडवे बसले. बाहेर ऊन चढलं होतं. खोलीत गार होतं.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

"अप्पा, गोदूबाईंनी किती खोल्या सारवल्या?"

"एकही नाही. तेव्हा खोलीच नव्हती."

"म्हणजे त्यांना स्वस्तात पडली. मला सगळ्यांत महाग."

"हो."

"हे बरोबर आहे?"

अप्पा उठले. उंबऱ्यापाशी सावली संपत होती. तिच्या एक पाऊल पुढे, उन्हात जाऊन उभे राहिले. डोक्यावर काही नाही. तसेच उभे...

इंद्रजित त्यांच्याकडे बघत राहिले. मग वर आढ्याकडे बघितलं. हातावरचं शेण वाळून तडकलं होतं, ते तसंच राहिलं.

"खोली बांधताना गोदूबाई अशाच उन्हात उभ्या राहिल्या असतील," ते म्हणाले.

"पूर्ण उन्हाळा."

"आणि मी इथे सावलीत बसून भाव करतोय."

अप्पा आत आले नाहीत.

भुई वाळली. इंद्रजित बाहेर आले, पण वळून पुन्हा आत गेले आणि उंबऱ्याला हात लावून म्हणाले, "गोदूबाई, बरं झालं तुम्ही बांधलीत."

बाकीच्या चार खोल्या त्यांनी कोपऱ्यातून दाराकडे सारवल्या. रहिमान पिंजारी. तुळसा आणि बाबू होलार. दत्तोबा सुतार. यमुनाबाई शेटे. नाव घ्यायला कुठे विसरले नाहीत. शेवटच्या खोलीत हात दुखत होते, तरी घाई केली नाही.

ऊन उतरताना त्यांनी भागीदारणीला फोन लावला.

"रेश्मा, नियम राहील... नाही, कारण लिहायचं नाही. नवं कोठार बांधायला घेतलं की आधीची सगळी कोठारं पडद्यावर एकेक करून दिसू देत. बांधणाऱ्याच्या नावासकट... हो, वेळ लागेल. लागू दे."

ती हो म्हणाली. मग त्यांनी हात धुतले, अप्पांच्या पायाशी बसले.

"खोलीचं काम कधी सुरू करू, अप्पा?"

"कर केव्हाही. आधी तुझं पूर्ण नाव सांग. पुढच्याला घ्यावं लागेल."