मुंगीच्या पाठीवर 'ला'

वारुळात एक नियम होता. कुणी 'याला' म्हटलं, 'त्याला' म्हटलं, की 'ला' उडायचा. त्याच्याच पाठीवर बसायचा. 'ला' बसला, की वाकायचं.

"का वाकायचं?" मुंगी म्हणाली.

"विचारायचं नाही!" म्हातारे मुंगळे म्हणाले.

एक दिवस धोंडा गडगडला. गड गड गड, धप्प! वारुळाच्या तोंडावरच बसला. आत राहिली इवली. इवली म्हणजे मुंगीची धाकटी बहीण. आत अंधार. आत हवा थोडी.

टिक टिक टिक. इवली आतून ठोकत होती.

"धोंडोबा, धोंडोबा, हल ना. इवली बाहेर येईना."

"मी नाही हलत. रेड्याला सांग. रेडा ढकलेल, मग हलेन."

'ला' उडाला. धपकन बसला. रेडा होता, रेड्याला झाला. वाकला! गुडघे टेकले.

तुरुतुरु तुरुतुरु. मुंगी रेड्याकडे गेली.

"रेडोबा, रेडोबा, ऊठ ना. धोंडा हलेना. इवली बाहेर येईना."

"मी नाही उठत. पाठीवर 'ला' आहे, दिसत नाही? काट्याला सांग. काटा टोचेल, मग उठेन."

'ला' उडाला. धपकन बसला. काटा होता, काट्याला झाला. वाकला! टोकच वळलं.

टिक टिक.

तुरुतुरु तुरुतुरु. मुंगी काट्याकडे गेली.

"काटोबा, काटोबा, टोच ना. रेडा उठेना. धोंडा हलेना. इवली बाहेर येईना."

"मी नाही टोचत. वाकडं टोक कधी टोचतं का? मुंगळ्याला सांग. मुंगळा उचलेल, मग टोचेन."

'ला' उडाला. धपकन बसला. मुंगळा होता, मुंगळ्याला झाला. वाकून वाकून आधीच वाकडा. आता नाक मातीत.

टिक.

तुरुतुरु तुरुतुरु. मुंगी मुंगळ्याकडे गेली.

"मुंगळोबा, मुंगळोबा, चल ना. काटा टोचेना. रेडा उठेना. धोंडा हलेना. इवली बाहेर येईना."

"मी नाही येत. वाकलेल्याने धावायचं नसतं. तूही वाक, पोरी. गप्प बस."

मुंगीने कान दिला. टिक नाही. काहीच नाही.

"बास झालं!" मुंगी ओरडली. "द्या तो 'ला' इकडे!"

"चिरडली जाशील गं! चिमूटभर तर आहेस!"

'ला' उडाला. धपकन बसला.

मुंगी होती. मुंगीला झाली.

मुंगी. मुंगीला.

कुठे वाकली? नाहीच वाकली!

मुंगळ्याचा 'ला' तर आलाच. काट्याचा 'ला' घेतला. रेड्याचा 'ला' घेतला. तीन 'ला' पाठीवर. मुंगी सरळच्या सरळ.

मग मुंगळा धावला.
काटा टोचला.
रेडा उठला.
धोंडा हलला. गड गड गड!

इवली बाहेर आली. एक पाय मोडलेला. डोळे मिटलेले. मुंगीने फुंकर घातली. फूऽऽ! परत फुंकर घातली. फूऽऽ! इवलीची मिशी हलली. इवलीशीच हलली.

सगळे म्हातारे मुंगळे जमले.

"बहीण मिळाली ना? आता वाक, कार्टे! आम्ही वाकलो. आमचे आजोबा वाकले. सगळे वाकतात."

मुंगीने इवली उचलली. पाठीवर घेतली.

"मी नाही वाकणार," मुंगी म्हणाली. "ही पण नाही वाकणार. म्हणून बघा. इवली. इवलीला."

एक मुंगळा पुटपुटला, "इवली... इवलीला..."

दुसरा मुंगळा पुटपुटला, "इवली... इवलीला..."

मग सगळे मुंगळे इवलीकडे बघू लागले. कुठे वाकली? नाहीच वाकली!