चुळीचा चौथरा

आलात तसे जरा खाली बघा. एवढा मोठा सिमेंटचा चौथरा, उन्हात तव्यासारखा तापलेला, आणि मधोमध ही तळहाताएवढी ओल. पाऊस महिनोन्‌महिने न पडो, ही वाळत नाही. नगरपालिकेनं कितीदा बुजवली, परत उगवलीच. आमच्या ब्रायर स्प्रिंग गावात याला चुळीचा चौथरा म्हणतात. नाव ऐकून तोंडं वाकडी करू नका. खरी घाण कुठली ते आधी ऐका.

इथं पोहण्याचा तलाव होता. निळ्या फरशीचा, जमिनीतल्या जिवंत झऱ्यावर भरणारा. बांधला सगळ्या गावाच्या करातून, पण फाटकावर पाटी 'फक्त गोऱ्यांसाठी'. काळ्या माणसाचं अंग लागलं की पाणी नासतं म्हणे! गोऱ्यांची पोरं त्यातच शेंबूड शिंकरायची, त्यातच मुतायची, त्यानं नाही नासायचं. एकदा आमच्यातल्या झाडूवाल्याचा पाय घसरून पाण्यात गेला, तर अख्खा तलाव उपसून चुन्यानं घासून काढला. शी! सांगतानासुद्धा किळस येते मला.

आमच्या पोरांना उरली नदी. वरून गरीब गाय, आत भोवरे. खालच्या वस्तीत लुवेनिया टॉलिव्हर नावाची बाई राहायची, लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची. तिच्या थोरल्याला, अमोसला, त्या नदीनं नेलं. पोहता येत नव्हतं त्याला, शिकणार कुठं? असं सांगतात, की त्याच्या मातीवर हात ठेवून लुवेनियानं शपथ घेतली, 'धाकटी परली स्वच्छ, शांत पाण्यात पोहायला शिकेल. ते बघितल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही.'

मग ती फाटकाशी उभी राहू लागली. रोज, परलीचं बोट धरून, चर्चला जायचे कपडे घालून. लोक शिव्या द्यायचे. थुंकायचेसुद्धा, बाईच्या रविवारच्या टोपीवर. ती टोपी पुसायची आणि दुसऱ्या दिवशी तीच घालून यायची. हळूहळू तिच्यामागं अख्खी वस्ती उभी राहिली. कुणाची कामं सुटली, कुणी तुरुंगात गेलं. वर्षं लोटली, आणि शेवटी कोर्टानं सांगितलं की तलाव सगळ्यांचा आहे, फाटक उघडा.

उघडलं का? कुठलं उघडताय! दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापणारी माणसं ती. मेयर आणि त्याची मंडळी बसली आणि ठरलं, काळ्यांबरोबर पोहण्यापेक्षा तलावच नको. आपली लेकरं उन्हात भाजून निघाली तरी चालतील. पाणी सोडून द्या, माती भरा, वरून सिमेंट ओता.

पाणी सोडायचं कुठं, हे मात्र कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. या गावाची घाण पिढ्यान्‌पिढ्या एकाच चरातून वाहायची, आमच्या खालच्या वस्तीकडे. हात सवयीनंच गेला. त्यांनी त्याच चराचं दार उघडलं.

लुवेनिया म्हणे दाराशी इस्त्री करत होती. चरातून आधी नेहमीचा काळा लोंढा आला आणि त्याच्यामागून काचेसारखं पाणी. ती बघतच राहिली. मग ओरडली, "अगं बायांनो, पोती आणा! तलाव आपल्या दारी चालत आलाय!" चर जिथं उतरतो तिथं वीटभट्टीचा जुना मोठा खड्डा होता. बायांनी घाण पुढं वाहून जाऊ दिली आणि मग कापसाच्या पोत्यांत माती भरून खड्ड्याचं पलीकडचं तोंड बांधलं. माझी आजी होती त्यांच्यात. अंधार पडेपर्यंत खड्डा काठोकाठ भरला.

रातोरात माती भरून दुसऱ्या दिवशी इथं ओलं सिमेंट पसरत होते. मेयर हॅट घालून देखरेखीला उभा. लुवेनिया खालच्या तळ्यातला घोट तोंडात धरून हा चढ चढून आली. शिव्या आल्या, पण तोंड भरलेलं, उत्तर कसं देणार? गवंड्यांच्या फळीवरून ती मधोमध गेली आणि त्या सिमेंटवर खच्चून चूळ टाकली. म्हणाली, "आजवर फार गिळलं. हा घोट नाही गिळणार."

तिथलं सिमेंट वाळलंच नाही. झराही म्हणे त्या दिवशी रुसला, आणि या मातीखालून वाट काढत काढत खालच्या तळ्यात जाऊन राहिला. परली त्याच तळ्यात शिकली. आईला स्वतःला पोहता येत नव्हतं, म्हणून तिनं कपडे वाळत घालायची दोरी पोरीच्या कमरेला बांधली आणि दुसरं टोक काठावर घट्ट धरून बसली. एके दिवशी परलीनंच गाठ सोडली आणि पलीकडचा काठ गाठला. लुवेनियाच्या हातात नुसती ओली दोरी राहिली. ती छातीशी धरून, अमोसचं नाव घेत, ती पोटभर रडली.

आजही त्या तळ्याला फाटक नाही. आजही पोहायला शिकलेलं मूल, मग ते कुणाचंही असो, पहिल्या दिवशी तोंडात पाणी धरून इथवर येतं आणि चूळ टाकतं. गेल्या उन्हाळ्यात त्या मेयरची पणती आली होती, आमच्याच तळ्यात शिकलेली. गाल फुगवून माझ्याकडे बघत उभी राहिली. म्हटलं, तुझ्या पणज्यानंच ओतलंय हे, टाक बाई खुशाल! टाकली पोरीनं.

नगरपालिकेला आता इथं पितळी पाटी बसवायची आहे, 'येथे पूर्वी तलाव होता.' होता! कुणी बुजवला आणि का, एवढं लिहायला मात्र पितळ पुरत नाही त्यांना. थूः!

हं, ही बाटली घ्या. तळ्याचंच पाणी आहे. एकेक घोट तोंडात घ्या आणि या ओलीपाशी या. आणि बाळांनो, काही झालं तरी गिळू नका.