परत येणारे लोखंड

पूर्वी वेत्रवतीच्या काठी सुमेखला नगरीत दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका लोहाराच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सुघट. पुढे तो नगरीतल्या सहाशे लोहारांचा जेठ, म्हणजे मुख्य, झाला. नांगराचा फाळ घडवावा तर सुघटनेच, असे सारे राज्य म्हणे. प्रत्येक फाळावर तो तीन जवांची खूण उठवी. दरवर्षी पेरणीआधी झिजलेले फाळ धार लावायला त्याच्याकडे परत येत. तो प्रत्येकावरून अंगठा फिरवी आणि म्हणे, "दोन बोटं झिजलाय. शाबास! पीक चांगलं आलेलं दिसतं." एवढा अभिमान दुसऱ्या कुणी मिरवला असता तर लोकांनी नाके मुरडली असती, सुघटला तो शोभून दिसे.

मग राजाने शेजारच्या राज्याशी युद्ध मांडले आणि लोहारआळीचे दिवस पालटले. तलवारी, भाले, बाणांची टोके घडवता घडवता हात पुरेनात. ढाली करणारे चांभार, रथ जोडणारे सुतार, कुणालाच उसंत राहिली नाही. लोहारांच्या लेकीसुनांच्या कानांत पहिल्यांदाच सोने आले. अमात्य मणिकंठ भरसभेत छाती फुगवून सांगे, "महाराज, युद्ध हीच राज्याची खरी सुगी. रिकामा हात शोधून सापडत नाही!" राजाला ते पटे. खरे सांगायचे तर सुघटलाही पटले होते. पेरणीआधी येणारे फाळ कमी झाले होते, पण त्या धांदलीत त्याचे तिकडे लक्षच गेले नाही.

तिसऱ्या वर्षी नवी मोहीम ठरली आणि खाणीतले लोखंड पुरेना. तेव्हा मणिकंठाने आज्ञा काढली, की राज्यात मिळेल तेवढे लोखंड गोळा करावे आणि लोहारांनी त्याचे भाले करावेत. शिपाई मोठे आज्ञाधारक. त्यांनी काही म्हणता काही मागे ठेवले नाही. चार दिवसांत आळीत गाड्यांची रांग लागली.

सुघटने पहिल्या गाडीत हात घातला आणि तो तिथेच थबकला. गाडी फाळांनी भरली होती. प्रत्येकावर तीन जव होते. सवयीने त्याने एकावरून अंगठा फिरवला. फाळ जराही झिजलेला नव्हता, नुसता गंजला होता. त्याला धार लावून दिल्यापासून तो जमिनीत गेलाच नव्हता. नांगर धरणारा माणूस लढाईवर गेला होता.

"भाते थांबवा," सुघट म्हणाला.

त्याचा धाकटा भाऊ गोमिल धावत आला. "दादा, आज्ञा मोडलीस तर मुंडकं जाईल तुझं! आणि मुंडकं राहिलं तरी जेठपण जाईल. पोरींच्या कानांतलं सोनं बघ जरा. ते कुणी दिलं?"

"राजानं दिलं. पण राजाला कुणी दिलं?"

 एकामागून एक सहाशे भट्ट्या निवत गेल्या.

घणांचा आवाज रोज राजवाड्यात ऐकू येई. तो बंद पडला तसा राजा स्वतःच आळीत आला. सोबत मणिकंठ होता. "महाराज," तो कडाडला, "हा लोहार सहाशे घरांच्या पोटावर पाय देतो आहे!"

सुघटने हात जोडले, पण मान खाली घातली नाही. "महाराज, मला माझ्या कामाचा गर्व आहे, म्हणून बोलतो. मी फाळ घडवतो. तो शेतात झिजतो आणि खळ्यावर धान्याची रास पडते. त्यातून माझं पोट भरतं, आपलं कोठार भरतं, आणि फाळ पुन्हा माझ्या दारी येतो. या तीन वर्षांत आम्ही चाळीस हजार भाले घडवले. त्यांतल्या एकानंही मूठभर धान्य आणलं नाही. काम भरपूर मिळालं, नाही म्हणत नाही. घर जाळून कोळशाचा व्यापार मांडला, तर कोळसाही भरपूर मिळतो."

"शब्द पुरे झाले," मणिकंठ म्हणाला. "घाव घाल."

"घालतो," सुघट म्हणाला. त्याने शेवटच्या गाडीतून एक फाळ काढून ऐरणीवर ठेवला आणि घण उचलला. त्या फाळाच्या पाठीवर सोन्याचा पत्रा होता. नांगरणीच्या सणाला राजा ज्या नांगराने पहिला तास, म्हणजे पहिली नांगरओळ, घाली, त्याच नांगराचा तो फाळ होता. राजाच्या आज्ञाधारक शिपायांनी तोही उचलून आणला होता.

"आज्ञा द्या, महाराज. याचा एक भाला होईल."

राजाने फाळ ओळखला. त्याच्या बापाने आणि आजाने तो धरला होता. तीन वर्षे नांगरणीच्या सणाला राजा छावणीत असे. या फाळाच्याही टोकाला गंज चढला होता. राजाने त्यावरून अंगठा फिरवला आणि तांबडा झालेला अंगठा पाहिला.

"सुघट," तो म्हणाला, "याला धार लाव. यंदाचा पहिला तास मी घालीन."

गाड्या जिथल्या तिथे परत गेल्या. मोहीम बारगळली, तहाचे दूत निघाले, माणसे घरी आली. ते वर्ष लोहारांना जड गेले. लेकीसुनांच्या कानांतले सोने धान्यासाठी मोडावे लागले आणि गोमिलने थोरल्या भावाला चार शब्द सुनावलेही. पण पुढच्या पेरणीआधी गावोगावचे फाळ आळीत आले, तेव्हा गोमिलनेच पहिला फाळ उचलला, अंगठा फिरवला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "दादा, दोन बोटं झिजलाय!"

एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे धर्म शिकवणाऱ्या भगवंतांनी, समोरच्या उपासकांकडे पाहिले. त्यांत ढालींचा एक व्यापारी होता. लढाई आली की पेठ फुलते, असे तो सकाळीच विहाराच्या दाराशी एका भिक्षूशी वाद घालत ठासून सांगत होता. शास्ते म्हणाले, "उपासका, तेव्हाचा अमात्य तू होतास. तुझ्याशी वाद घालणारा हा भिक्षू तेव्हाचा राजा. तुझ्या शेजारी बसलेला तुझा भाऊ तो गोमिल. आणि सुघट लोहार मीच होतो." व्यापाऱ्याने मान खाली घातली आणि नकळत आपल्या अंगठ्याकडे पाहिले.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पारमिता, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारा सद्गुण, पूर्ण केली, ती प्रज्ञा.